युसराच्या अर्जातला एकच पर्याय

१

युसरा शफी शेख हे नाव यादीत होतं. नावापुढचा कॉलेजचा रकाना रिकामा होता.

सावनीनं संगणकावरची प्रवेश यादी खालीवर करून पुन्हा पाहिली. टेबलापलीकडे शफीभाई ताठ बसले होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, खुर्चीतही परेडला असल्यासारखा. शेजारी युसरा, मांडीवर कागदांची निळी फाईल घट्ट धरून. तिचा मोठा भाऊ इम्रान दाराशी उभा. सोयगावहून पहाटेच्या एसटीनं निघून तिघं दहाच्या आत औरंगपुऱ्यातल्या या जिन्यावर येऊन बसले होते. फुलंब्रीला गाडी थांबली तेव्हा चहासुद्धा घेतला नव्हता, असं इम्रान आल्याआल्या कुरकुरत बोलला होता.

जिन्यावर अजून पाटी होती, 'सेलूकर प्रवेश मार्गदर्शन'. बाबांचं तेरावं परवा झालं होतं. सावनी पुण्याहून सुट्टी वाढवून राहिली होती ती हे ऑफिस आवरून बंद करायला.

"सर म्हणले व्हते घाटी पक्की," शफीभाई म्हणाले. "मुदतीच्या आधी सोमवारी सरांच्या समोर फारम भरला. एकवीस कॉलेजं टाकली. पयली घाटीच."

शहरातलं सरकारी मेडिकल कॉलेज म्हणजे घाटी. तिथं माजी सैनिकांच्या मुलांसाठी मोजक्या जागा असतात. रीत साधी होती. मुलांनी आपल्या पसंतीची कॉलेजं क्रमानं अर्जात भरायची. मुदत संपेपर्यंत अर्ज कितीदाही बदलता येतो, शेवटचा जतन केलेला तेवढाच खरा. मग संगणक गुणवत्तेनुसार एकेकाला त्याच्या यादीतलं पहिलं मोकळं कॉलेज देत जातो. सैनिक कोट्याच्या गुणवत्ता यादीत युसरा सातवी होती. सातव्या नंबरला घाटी न मिळण्याचं काही कारण नव्हतं.

"तुझा अर्ज उघड बघू," सावनी म्हणाली.

युसरानं संगणकावर लॉगिन केलं. अर्जात एकवीस कॉलेजं नव्हती. एकच होतं, मुंबईतलं सगळ्यात वरचं, जिथं कोट्यातला दुसरा नंबरही पोचला नव्हता.

"हे मी नाही भरलं," युसरा हळूच म्हणाली. तिनं निळ्या फाईलमधून सोमवारची छापील प्रत काढली. एकवीस नावं, खाली तिची सही, शफीभाईंची सही आणि कोपऱ्यात बाबांची बारीक, डावीकडे कललेली सही.

पडद्यावर अगदी तळाशी एक ओळ होती. अर्जात शेवटचा बदल: बुधवार, सकाळी ११.४२.

त्या बुधवारी सकाळी बाबा आयसीयूत होते.

"तक्रार करायची मुदत उद्या पाचपर्यंत आहे," सावनी म्हणाली. "पण नुसतं 'आम्ही भरलं नाही' म्हटलं तर कोण ऐकणार? पोरीनंच हाव केली म्हणतील. बदल कुणी केला ते दाखवावं लागेल."

"हा परीक्षेचा तिसरा अटेम्प्ट हाय," शफीभाई म्हणाले. "चौथा नाय, असं तिनं सोताच लिहून दिलंय मला."

फाईलच्या कडा युसराच्या बोटांखाली वाकल्या होत्या.

२

मंदार दहा वर्षांपासून बाबांच्या हाताखाली होता. अर्ज भरणं, कागद तपासणं, पालकांना शांत बसवणं ही सगळी त्याची कामं. सावनीनं त्याला आतल्या खोलीत बोलावलं.

"अर्ज बदलायला काय लागतं?"

"पासवर्ड, आणि मोबाईलवर येणारा ओटीपी. पण ताई, युसराच्या अर्जाला तिचा मोबाईल नव्हताच. सरांचा छोटा फोन होता."

तो छोटा फोन सावनीला माहीत होता. बटणांचा, मागे चिकटपट्टी लावलेला. खेड्यातल्या पोरांचे नंबर दर चार महिन्यांनी बदलतात, ऐन वेळी ओटीपी कुठल्यातरी बंद सिमवर जातो, म्हणून बाबा अशा मुलांच्या अर्जात स्वतःचाच एक नंबर घालत. पासवर्ड प्रत्येकाच्या फाईलवर आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवत. सगळ्यांच्या किल्ल्या एका खिशात. पंचवीस वर्षांत एकही अर्ज चुकला नाही, हे ते अभिमानानं सांगत.

"त्या बुधवारी फोन कुठं होता?"

"सरांच्या शर्टाच्या खिशात. मंगळवारी दुपारी इथं टेबलावरच ते कोसळले. तसाच खिशात फोन घेऊन ॲम्ब्युलन्समधून गेले. मी बुधवारी दिवसभर इथं होतो. मुदतीचा दिवस, बत्तीस पालक होते. कुणालाही विचारा." मग खणातून काहीतरी काढून त्यानं टेबलावर ठेवलं. "हे देतो देतो म्हणून राहिलं."

बाबांचा चष्मा होता. एका काडीला दोरा गुंडाळलेला.

"कोसळले तेव्हा इथंच पडला. हॉस्पिटलात नेऊन द्यायचा होता, पण..."

सावनीनं चष्मा पुसला आणि पर्समध्ये ठेवला. बाबांना त्याच्याशिवाय भिंतीवरचं घड्याळही दिसत नसे.

"मंगळवारनंतर ऑफिसात आणखी कुणी आलं होतं?"

"तुमचे मामा. मंगळवारी संध्याकाळी. घरून मॅडमनी, तुमच्या आईंनी, किल्ली दिली म्हणाले, मेडिक्लेमचे कागद इथं आहेत म्हणून. मी निघालोच होतो, त्यांना आत सोडून गेलो."

विमा कंपनीत लोकांचे दावे तपासणं हे तिचं रोजचं काम. आणि बाबांच्या मेडिक्लेमचा कागद तिनं स्वतः बुधवारी घरच्या कपाटातून काढला होता. तो या ऑफिसात कधी आलाच नव्हता.

"मंदार, कोट्यात आठवा नंबर कुणाचा आहे?"

मंदारनं खाली पाहिलं. "तुम्ही यादी पूर्ण बघितली नाही का? हिमानीचा. मामांची हिमानी. तिला घाटी लागली."

३

श्रीरंगमामा. आईचा धाकटा भाऊ, निवृत्त कॅप्टन. तेराव्याला पंगतीत पाणी वाढणारा, सावनीच्या डोक्यावर हात ठेवून "मी आहे ना" म्हणणारा.

पासवर्ड त्याला फाईलवर मिळाला असणार. पण फाईल उघडून ओटीपी मिळत नाही. फोन हॉस्पिटलात होता. मामा बुधवारी हॉस्पिटलात नव्हताच. दुपारी तीनला सावनी पुण्याहून पोचली तेव्हा तो स्टँडवर तिला घ्यायला आला होता आणि सांगत होता, सकाळपासून घरी संगणकासमोर हिमानीच्या अर्जात अडकलो होतो.

जिन्याखाली इम्रान चहा पीत होता.

"मंदारभाऊ माझ्याकडं बघतात, कळतं मला," तो म्हणाला. "मीच बोललो व्हतो ना, नर्सिंगला टाका हिला, लवकर कमवायला लागंल. तिसऱ्यांदा कशाला डोकं फोडून घेती म्हणून."

"मग?"

"मग काय. रात्री दोनला उठून चहा कोण करून द्यायचा तिला? मीच. अब्बा झोपतात दणकून." त्यानं ग्लास ठेवला. "ताई, मला तिचा पासवर्ड बी माहीत नाय. माझा सोताचा माहीत नाय मला."

सावनीला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा थोडं हसू आलं, आणि लगेच गेलं.

घरी आई देवघरापाशी वाती वळत बसली होती. पांढऱ्या साडीत ती फार लहान दिसत होती. सावनी शेजारी बसली.

"आई, हॉस्पिटलमधून बाबांचं सामान मिळालं होतं, ती पिशवी कुठंय?"

"कपाटात. काय करायचंय?"

"बघायचंय."

पिशवीत घड्याळ होतं, अंगठी होती, आणि छोटा फोन. सावनीनं तो चार्जिंगला लावला.

"बुधवारी सकाळी बाबांजवळ कोण बसलं होतं गं?"

वात वळणारी बोटं थांबली नाहीत. "मंदार होता की. मी घरी आले होते. त्या दिवशी आपल्या गल्लीत पाणी सुटलं होतं ना. आठ दिवसांनी आलेलं पाणी, सोडून कसं चालेल? ड्रम भरले, आंघोळ केली, दीड-दोनला परत गेले."

"मंदार म्हणतो तो ऑफिसात होता."

"म्हणेल तो काहीही. आता ऑफिस त्यालाच हवंय."

फोन सुरू झाला. सावनीनं संदेश उघडले. बुधवार, ११.४० चा एक ओटीपी. वाचलेला होता.

४०७७१३.

तिचा हात आपोआप पर्सकडे गेला. आतल्या कप्प्यात औषधांच्या दुकानाची एक चिठ्ठी घडी करून ठेवलेली होती. बुधवारी संध्याकाळी बाबांनी मास्क बाजूला सारून तिला म्हटलं होतं, "लिही." आणि एकेक आकडा, मध्ये श्वास घेत. तिनं चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून घेतला होता. मग ते म्हणाले होते, "सोयगावला फोन कर." तिला वाटलं भ्रम आहे. नंतर तिनं तो आकडा कपाटातल्या तिजोरीला लावून पाहिला, त्यांच्या संगणकाला लावून पाहिला.

तिनं चिठ्ठी उलगडली.

चार, शून्य, सात, सात, एक, तीन.

४

ती गच्चीवर जाऊन बसली. कठड्यावर दोन वस्तू ठेवल्या, चिठ्ठी आणि चष्मा.

बाबांना तो आकडा माहीत होता. पण त्यांनी तो वाचलेला नव्हता, कारण चष्मा मंगळवारपासून मंदारच्या खणात होता. न वाचता माहीत होता म्हणजे ऐकला होता. कुणीतरी त्यांच्या उशाशी उभं राहून, फोनवर दुसऱ्या कुणाला तरी, आकडे मोठ्यानं सांगितले होते. ते झोपलेत असं समजून.

मामा पलीकडे होता. अलीकडे कोण?

मंदार, आई म्हणत होती. तसं असेल तर बरं होईल, असं सावनीला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटली.

खाली शेजारच्या मेघावहिनी मोटार लावत होत्या. आज पाणी सुटलं होतं. पाईप ड्रममध्ये सोडता सोडता त्यांनी वर पाहिलं. "सावनी, तुमचे ड्रम लावलेत का? मागच्या खेपेसारखं व्हायला नको."

मागची खेप.

बुधवारी रात्री बाबा गेले. गुरुवारी पहाटे त्यांना घरी आणलं. गुरुजी म्हणाले, आंघोळीचं पाणी काढा. सावनी न्हाणीघरात गेली तर दोन्ही ड्रम कोरडे होते. तळाला मगही बुडत नव्हता. शेवटी मेघावहिनींनी त्यांच्या टाकीतलं राखून ठेवलेलं पाणी दोन बादल्या आणून दिलं होतं. बाबांना शेवटची आंघोळ शेजारच्या पाण्यानं घातली, हे तिला तेव्हापासून टोचत होतं.

"वहिनी, त्या आठवड्यात पाणी कधी आलं होतं?"

"शुक्रवारी गं. विसरलीस? अस्थी आणायला निघालात तेव्हाच तर सुटलं. दोन बादल्यांची परतफेड करायला लागलीस, मी ओरडले तुला."

सावनीनं चिठ्ठीची घडी केली. ती उठली. एक कागद अजून बघायचा राहिला होता.

आयसीयूच्या दाराशी रत्नमाला मावशी बसत. पेशंटजवळ एका वेळी एकच माणूस, आणि त्याची नोंद त्यांच्या वहीत. त्यांनी सावनीला ओळखलं.

"सेलूकर सरांची पोरगी ना? लई शांत मानूस. माझ्या भाच्याचा फारम त्यांनीच भरला व्हता."

"मावशी, त्या बुधवारची नोंद बघायचीय. क्लेमसाठी."

रत्नमाला मावशींनी थुंकी लावून पानं उलटली. "हे बघा. आन् वहीत कशाला बघायचं, मला याद हाय. आत मोबाईल बोलू नका म्हनून मी दोनदा उठून गेले. मानंनातच. शेवटी मीच म्हनलं, बाई, तुमचाच मानूस हाय, त्याला तरी झोपू द्या."

वहीत वेळ होती, दहा वाजून पाच ते एक वाजून वीस. पुढे सही.

ही सही सावनीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं होती. उमा सेलूकर.

५

ती घरी आली तेव्हा मामा बाहेरच्या खोलीत बसला होता. हिमानीही आली होती, आत्याला भेटायला. ती स्वयंपाकघरात चहा करत होती.

सावनीनं टेबलावर एकेक वस्तू मांडली. युसराची सोमवारची प्रत. छोटा फोन. वहीच्या पानाचा फोटो. चष्मा. चिठ्ठी तिनं हातातच ठेवली.

"मामा, मेडिक्लेमचा कागद ऑफिसात नव्हता. तुम्ही मंगळवारी कुठली फाईल उघडली?"

"सावनी, तू दमलीयेस," मामा म्हणाला. "अशा वेळी माणूस कुणावरही संशय घेतो."

"मी संशय घेत नाहीये. उद्या पाचच्या आत तक्रार करतेय. त्यात तुमचं नाव असेल." ती आईकडे वळली. "आणि तुझंही."

आईनं पदर सावरला. मग म्हणाली, "गेल्या वर्षी निकालानंतर हिमू दोन महिने खोलीबाहेर आली नाही. तू पुण्यात होतीस. मी भरवत होते तिला. ती दुसरी पोर हुशार आहे, तिला पुढच्या फेरीत कुठंतरी मिळेलच."

"पुढच्या फेरीत घाटीच्या कोट्यात काय उरतं ते तुला माहीत होतं?"

"श्रीरंग म्हणाला..."

"आणि कुणी विचारलं असतं तर? चूक कुणाची ठरली असती?"

मामाच बोलला. "भावजींचं ऑफिस. गडबडीत चुकलं, म्हणाले असते लोक. गेलेल्या माणसाला काय त्रास होणार होता?"

"बुधवारी सकाळी ते गेलेले नव्हते," सावनी म्हणाली.

आईची नजर टेबलावरच्या चष्म्यावर गेली.

"ते झोपले होते गं," आई म्हणाली. "डोळे मिटलेले होते. मी बघितलं ना दोनदा. त्यांना काही कळलं नाही."

सावनीनं हातातली चिठ्ठी तिच्यासमोर धरली. "हे त्यांनी मला सांगितलं. संध्याकाळी सहाला. ते झोपले नव्हते, आई."

आईनं आकडे वाचले. ओठ हलत होते. एकेक आकडा, तसाच, त्याच क्रमानं. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्या संध्याकाळी ती चमच्यानं सूप भरवत होती आणि बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तीनदा. औषधानं तोंड कडू झालंय, असं ती सगळ्यांना सांगत होती. तेरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

"म्हणून..." ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारात हिमानी उभी होती. हातात चहाचा ट्रे होता.

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात वरच्या मुलीनं मुंबई टाकली," ती म्हणाली. "म्हणाला होतात, तिनं स्वतःच टाकली."

मामानं सैन्यातल्या आवाजात तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, नीट, कागदांना चहा लागणार नाही असा.

६

तक्रार दुसऱ्या दिवशी सव्वातीनला गेली. अर्जात एक रकाना होता, 'ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याशी आपलं नातं'. सावनीनं दोन ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत मामा. दुसऱ्या ओळीवर पेन थोडा वेळ थांबला, मग तिनं तोही शब्द लिहिला.

त्या तक्रारीची सुनावणी व्हायची होती, ती पुढे केव्हातरी होईल. त्याआधीच एक गोष्ट घडली. पहिल्या फेरीत जागा मिळालेल्यांनी ठरल्या तारखेला मूळ कागदपत्रं घेऊन कॉलेजात हजर व्हायचं असतं. नाही गेलं तर जागा सुटते आणि पुढच्या फेरीत येते. हिमानी गेली नाही. मामानं फाईल पिशवीत घालून गाडी काढली होती. ती खोलीचं दार लावून बसली. यावेळी तिला भरवायला कुणी गेलं नाही, ती स्वतःच रात्री बाहेर येऊन जेवली, असं आईनं सांगितलं. आई आता सावनीशी एवढंच बोलायची. हिमानीचं, आणि पाणी कधी येणार ते.

दुसऱ्या फेरीच्या रिक्त जागा लागल्या. घाटी, सैनिक कोटा, एक. जागा न मिळालेल्यांत सगळ्यात वरचा नंबर युसराचा होता.

ती शफीभाईंबरोबर आली तेव्हा ऑफिसात दोनच खुर्च्या उरल्या होत्या. पुस्तकं खोक्यांत भरलेली होती. पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती. शफीभाई आज बसलेच नाहीत.

"सरांना ठाव व्हतं, म्हणा," ते म्हणाले. "मरता मरता बी पोरीचा नंबर ध्यानात ठिवला."

सावनीनं मान हलवली. बाबांनी ध्यानात ठेवलं होतं, खरं. पण सगळ्यांचे ओटीपी आपल्याच खिशात ठेवायची सवयही त्यांचीच होती. आपल्या घरातलं माणूस त्या खिशात हात घालणार नाही, या भरवशावर. मी असताना काय चुकणार आहे, असं ते म्हणत. ते असतानाच चुकलं होतं.

"आधी मोबाईल नंबर बदलू," ती म्हणाली. "तुझा घाल."

युसरानं घातला. मग कॉलेजं भरली. पहिलं घाटी, खाली बाकीची वीस, एकेक नाव दोनदा वाचून. शेवटच्या बटणावर बोट ठेवलं तसा तिच्या हातातला मोबाईल थरथरला.

सवयीनं तिनं तो सावनीसमोर धरला. "ताई, आला. चार..."

"थांब," सावनी म्हणाली, आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसली. "मोठ्यानं वाचू नकोस. कुणाला सांगायचा नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही."

पाठीमागे सहा बटणं वाजली, एकामागून एक. सावनीनं ती मोजली नाहीत. तिनं पर्समधून बाबांचा चष्मा काढला, काडीवरचा सुटत आलेला दोरा पुन्हा गुंडाळला आणि गाठ मारली.